बठ्ठं शुद्ध

धुळ्याच्या देवपुरातून आमच्या जळगावच्या छापखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीला येणारा हा गृहस्थ आमच्या चहाचा कपसुद्धा स्वतःच्या रुमालानं पुसून घ्यायचा. "बठ्ठं शुद्ध पाहिजे, भाऊ! सगळं म्हणजे सगळं!"

उन्हाळ्यात कागद वाळून वळू नये म्हणून एसीच्या हवेत वाफ सोडणारं यंत्र होतं. त्यात पाण्यातूनच करंट जातो आणि पाणी उकळतं. यानं नळाचं खारं पाणी काढून बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर भरलं. क्षारच नाहीत, तर करंट कुठला आणि वाफ कुठली? दुपारभर लग्नपत्रिकांचे कागद वळत राहिले. शेवटी मीच नळाचं पाणी सोडलं, तेव्हा वाफ आली.

"पाहिलं?" तो म्हणाला, "मी आधी शुद्ध केलं म्हणून चाललं!"

हा माणूसच डिस्टिल्ड वॉटर. कितीही बोला, आत करंट जातच नाही.