न चिरलेली गाठ

प्रयोगशाळेत त्याला सगळे बरणीमामा म्हणत. शरीरातून काढलेली गाठ आली, की ती फॉर्मॅलिनमध्ये मुरवून तपासणीजोगी टिकवायची, हे त्याचं काम. नव्या पोरींना तो दटावायचा, "अगं, मोठी गाठ आधी मधोमध चिरायची! औषध आपोआप आत पोचत नाही. वरून टणक दिसेल नि आत नासून जाईल."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! अकरा वर्षांपूर्वी, एका शनिवारी दुपारी, एक माणूस बायकोच्या स्तनातली भलीमोठी गाठ बरणीत घेऊन आला. मामाला घरी जायची घाई. 'सोमवारी बघू' म्हणत त्याने बरणी तशीच फळीवर ठेवली. सोमवारी कापली, तर आत नुसता लगदा. तपासायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई भडकल्या, तेव्हा हा शहाणा म्हणाला, "नातेवाइकानेच आणायला उशीर केला." अहवालातही तेच गेलं. आजार कळायला उशीर झाला, आणि ती बाई वर्षभरात गेली.

तेव्हापासून चोराच्या मनात चांदणं. हातांना साबण कितीही लावा, फॉर्मॅलिनचा तो उग्र वास मामाला घासाघासाला यायचा. बायको विचारायची, "अहो, जेवणात लक्ष आहे का तुमचं?" फळीवरच्या त्या जागी त्याने पुन्हा काही ठेवलं नाही. तरी तिथे बरणी आहे असंच त्याला वाटायचं, नि तिकडे पाठ करून उभं राहायची त्याची छाती होत नसे.

परवा खिडकीशी एक तरुण बाई आली, हातात बरणी. तिचीच गाठ होती, आदल्या दिवशी काढलेली. मागे तिचा म्हातारा बाप.

"बाबा, जरा धरता का? सही करते."

म्हातारा दोन पावलं मागे सरला. "नको गं बाई. तुझ्या आईची माझ्याच हातून नासली. वाटेत टेकलो नसतो घटकाभर, तर..."

मामाने त्याला ओळखलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागणार होता? पण जीभ आवरेना.

"काका, तुम्ही वेळेवर आला होतात. ती मी नासवली. चिरायची सोडून घरी गेलो, आणि वर नाव तुमचं घेतलं."

लेक रडायला लागली. म्हाताऱ्याने तिच्या हातातून बरणी घेतली आणि मामासमोर ठेवली.

"हिची आत्ता चिरा," तो म्हणाला. "मी इथेच उभा आहे."