मॉडेमची खंडेनवमी

समस्त मंडळींना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, इंदापूरच्या आमच्या घरी एकदा मॉडेमची यथासांग पूजा झाली. झेंडूचा वास आला की ती खंडेनवमी आठवून आजही माझं डोकं तापतं. नवं इंटरनेट पुढच्या खोलीपुरतंच पोचायचं, म्हणून मी जुन्या कंपनीचं पडीक मॉडेम माळ्यावरून काढलं, त्याचं सेटिंग बदललं, नव्याला वायरीने जोडलं आणि मागच्या पडवीत बसवून वायफाय तिथपर्यंत नेलं. त्या दिवशी पडवीलगतच्या खोलीत माझ्या मुलीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत चालली होती. तिसऱ्याच प्रश्नाला पडद्यावरचे साहेब गोठले. मी पडवीत धावलो, तर आमचे वडील मॉडेमचं बटण बंद करून त्याला हळदीकुंकू लावत होते. "आबा, पोरीची मुलाखत चाललीय," मी ओरडलो. "आज अवजारांना इसावा असतो. ट्रॅक्टरबी उभाच हाय की," म्हणत त्यांनी शांतपणे वर झेंडूचं फूल ठेवलं. आज हे मी रंगवून सांगतो खरा, पण तेव्हा मी रागाने फूल बाजूला सारून बटण दाबायला गेलो, तोच दारात आलेली पोरगी कडाडली, "आबा, समद्यांना एक दिवसाची सुट्टी दिली, मला मात्र जन्माची दिलीत."