दादांचे गप्पी मासे

आमच्या घरात पाण्याचा ड्रम हा कुटुंबातला सदस्य आहे. आम्ही शहराच्या टोकाला, हर्सूलला राहतो. तलाव हाकेच्या अंतरावर, आणि नळ येतो आठवड्यातून एकदा (तोही मुहूर्त बघून!).

गेल्या पावसाळ्यात गल्लीत डेंग्यू निघाला आणि आरोग्य पथकातल्या ताई दारात उभ्या राहिल्या.

"साथरोगाचा नियम आहे, भाऊ. डासांच्या अळ्या सापडल्या तर नोटीस! आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा. सगळं पाणी रिकामं करून भांडी घासायची." मग त्यांनी ड्रममध्ये बारीक मासे सोडले. "हे गप्पी मासे. अळ्या खातात."

माझे वडील, म्हणजे दादा, आई वारल्यापासून 'हं' आणि 'नाय' एवढ्यावरच दिवस काढत होते. ते चक्क खुर्चीतून उठले.

"गप्पी? बोलत्यात का काय?"

"नाय हो काका, नावच तसंय!"

दुसऱ्या दिवशी दादांनी खुर्ची ड्रमापाशी नेली. मी एकदा कान दिला. "आज सूनबाईनं वांग्यात कारळं घातलं. तुझ्यासारखं नाय, पण बरं झालतं." ते कुणाशी बोलत होते ते मला कळलं. मी तसाच मागे फिरलो आणि डोळे पडद्याला पुसले (त्यावरून बायकोनं, म्हणजे वंदनानं, ऐकवलंच).

एवढं ठाऊक असलेल्या माणसानं त्या ड्रमाला हात लावू नये की नाही? पण रविवारी दादा दाढीला सलूनमध्ये गेले आणि मी कोरडा दिवस पाळायला घेतला! आमच्या शहरात पाणी ओतून देणारा वेडाच ठरतो. म्हणून मी ड्रमातलं पाणी तांब्यातांब्यानं कुकर, कढई, डबे, मुलीची शाळेची बाटली, दिसेल त्यात भरलं. ड्रम घासून उन्हात पालथा घातला आणि छाती फुगवून उभा राहिलो.

आतून वंदना किंचाळली, "अहो, कुकरमध्ये काहीतरी पोहतंय!"

मासे घरभर झाले होते! मी चहाची गाळणी घेऊन धावलो, तेवढ्यात दादा आले. पालथ्या ड्रमाकडे बघून मटकन खाली बसले.

"हं," एवढंच म्हणाले.

कुठे बोलायला लागलेला माणूस मी पुन्हा बंद करून ठेवला होता!

त्यात ताई तपासणीला हजर. "ड्रम कोरडा? शाब्बास, भाऊ!" म्हणत आत आल्या आणि माझ्या टेबलावरच्या, बाटलीतल्या मनीप्लांटपाशी थांबल्या. (बँकेत बढती मिळावी म्हणून मीच आणलेला. पाणी बदलायचं असतं हे कुणाला माहीत?) त्यांनी बाटली उजेडात धरली. आत अळ्या वळवळत होत्या.

नोटीस माझ्या नावानं निघाली.

दादांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते! त्यांनी कुकर मांडीवर घेतला आणि आतल्या माशाला सांगितलं, "ऐकलंस का? साऱ्या घराचं पाणी उपसलं ह्या बहाद्दरानं, अन् अळ्या ह्याच्याच टेबलावर! लई हुशार निघालं तुझं लेकरू!"

मासे परत ड्रममध्ये गेले. दादा आता दिवसभर बोलतात. माशांशी, पाहुण्यांशी, सिल्लोडच्या आत्याशी फोनवर. विषय एकच असतो: मी. जरा गप्प झाले की मीच विचारतो, "दादा, ती अळी कुठं सापडली होती हो?" आणि चहा टाकायला उठतो.

मनीप्लांट अजून टेबलावर आहे. पाणी मात्र दादा बदलतात. माझ्यावर त्यांचा भरवसा नाही, आणि कायद्याचाही!