कागद चार बोटांवर अडला

हत्यारांचं काम मी नगरजवळच्या भिंगारच्या कोरड्या हवेत शिकलो. माझ्या चुकीमागची सवयही तिथलीच. मी आर्मरर हवालदार होतो, म्हणजे रायफली दुरुस्त करणारा.

आमची पोस्ट डोंगरावर होती. नाईक सर्जेराव, शेवगावकडचा, आमचा स्नायपर. त्याच्या रायफलीची ॲक्शन, नळीमागचा यंत्रभाग, मी लाकडी दस्त्यात एपॉक्सी भरून घट्ट बसवली. नळी मात्र लाकडाला कुठंच टेकता कामा नये. टेकली की गोळी बाजूला जाते. म्हणून नळीखालची खाच तासली. मधून कागद सरकवून पाहिला. शेवटपर्यंत गेला.

"मिस्त्री, लेकीगत सजवलीया. नांदायला धाडताय व्हय?" सर्जेराव म्हणाला.

झीरोइंगला, म्हणजे नेम जुळवून पाहताना, पाचही गोळ्या नेमक्या बसल्या. तासलेल्या लाकडाला ओल अडवणारं वॉर्निश द्यायचं राहिलं. नगरला त्यावाचून चालायचं. मग तीन दिवस धुकं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सव्वासातला धुकं फाटलं. आमचे सहा जण खालच्या नाल्यात अडकले होते. समोरच्या बंकरमधली मशिनगन त्यांना डोकं वर काढू देत नव्हती. मी सर्जेरावाशेजारी दुर्बीण घेऊन पडलो होतो.

रेडिओवर नाल्यातून आवाज आला, "सर्जा, आटप बाबा. ओव्हर."

पहिली गोळी डावीकडे गेली. दुसरीही.

"मिस्त्री, हात हलला न्हाई माझा."

नळी लाकडाला टेकतेय, हे मला कळलं होतं. मी बोललो नाही. तिसऱ्या वेळी त्याने नेम उजवीकडे धरला. मशिनगन थांबली. त्याच क्षणी दुसऱ्या बंकरमधून त्याला गोळी लागली. तो जागीच गेला. सहाही जण परत आले.

दुपारी रायफल तपासायला माझ्याकडेच आली. कागद चार बोटांवर अडला. लाकूड फुगलं होतं. मी खाच पुन्हा तासली, वॉर्निश लावलं आणि 'रायफल ठीक' असं लिहून सही केली. चौकशीत ठरलं : फायररची चूक, दोन गोळ्या वाया गेल्या, त्यात जागा उघडी पडली.

इतकी वर्षं शेवगावची एसटी दिसली की मी पाठ फिरवायचो. गेल्या महिन्यात चढलो. त्याच्या थोरल्या भावाला सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "गावात लोक म्हनायचे, ऐन टायमाला सर्जाचा हात थरथरला. आमी बी खाली मान घालून ऐकलं. तुमी कुठं हुता?"

"इथंच जवळ. भिंगारला."

हेच आता युनिटलाही लिहून पाठवलं आहे. नाईक सर्जेरावाचा हात हलला नव्हता. तिसरी गोळी त्याने माझी चूक सांभाळून मारली होती.