परदेशी कोचच्या नावानं

सरांना क्लबातून काढायचं आम्ही ठरवलं त्याच आठवड्यात भारताच्या फुटबॉल संघाच्या परदेशी कोचलाही काढलं, हे आमचं नशीब. नाहीतर आम्ही कमिटीवाल्यांनी सरांना कोणत्या तोंडानं सांगितलं असतं, देव जाणे.

आमचा क्लब म्हणजे नागपुरातलं एक गवत नसलेलं मैदान, दोन गोलपोस्ट, पायऱ्यांची एक रांग आणि सकाळी साडेपाचला येणारी तीस-चाळीस पोरं. आणि सर. सर कोष्ट्यांच्या घरातले. वडील हातमागावर बसायचे, सर मिलमध्ये लागले आणि मिल बंद पडल्यावर पूर्ण वेळ मैदानावर आले. क्लबचं असं एकही पोरगं नसेल ज्याने त्यांची शिवी खाल्ली नाही. मीही खाल्ली. कामठीच्या टीमविरुद्ध फायनल होती, मी एकवीस वर्षांचा होतो, घरचे सगळे बघायला आले होते. सरांनी मला बाहेर बसवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुहा पाय चालते, डोकं चालत नाई." आज कळमन्याच्या बाजारात माझी धान्याची अडत आहे, डोकं चालतं हे चार लोकांना ठाऊक आहे. माणूस अशा गोष्टी विसरतो म्हणतात. मी विसरलो नाही.

सरांना काढायचं ठरलं त्या वर्षी लीगचा नवा नियम आला की कोचकडे लायसन्स पाहिजे. सरांकडे ते नव्हतं आणि त्या वयात ते परीक्षेला बसणार नव्हते. आम्हाला एक लायसन्सवाला तरुण मिळाला. त्याचं नाव कागदावर ठेवून सरांना मैदानावर ठेवता आलं असतं. सेक्रेटरीने तसं सुचवलंही. मीच ते मोडून काढलं. म्हटलं, दोन कोच झाले की पोरं कोणाचंच ऐकत नाहीत. मुद्दा बरा होता, म्हणून सगळ्यांनी मान हलवली.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, जी मी कमिटीला सांगितली नव्हती. सरांना दिसेनासं होत चाललं होतं. काचबिंदू असावा. त्यांनी ती गोष्ट अशी लपवली होती की त्यांच्या हुशारीला दाद द्यावी. पोरांना ते सारखे ओरडायचे, "आवाज द्या बे, आवाज! कुठं आहे ते बोला!" लोकांना वाटायचं, काय शिस्त आहे, सगळी टीम बोलत खेळते. पण एकदा बेंचवर बसलेल्या पोराला त्यांनी पाच मिनिटं मैदानात शोधलं, त्याच्या नावानं शिव्या देत. ते पोरगं त्यांच्यापासून चार हातांवर घाबरून बसलं होतं. मी बाजारात दिवसभर माणसांचे डोळेच बघतो. मला कळलं आणि ते मी जपून ठेवलं, कधीतरी कामी येईल म्हणून.

दर रविवारी प्रॅक्टिस झाली की पायऱ्यांवर तर्री-पोहे यायचे आणि राष्ट्रीय संघावर भांडण सुरू व्हायचं. परदेशी कोचवरचं भांडण तर त्याच्या नेमणुकीपासूनचं. सेक्रेटरी वीज कंपनीत, माणूस मऊ, तो कोचच्या बाजूचा. म्हणायचा, "त्याच्या आधी आपले लोक बॉल आला की निखारा पायावर पडल्यासारखे भिरकावून देत. त्यानं बॉल ठेवाले शिकवलं." बुटीबोरीच्या कापड कारखान्यात शिफ्ट सांभाळणारा आमचा दुसरा मेंबर लगेच म्हणायचा, "माल किती निघाला ते सांग. बोलनं किती निघालं ते नको सांगू." ज्याची बाजू पडत असेल त्याला मी अजून पाडायचो. मला त्यात मजा यायची.

सर मात्र परदेशी कोचचे वैरी. त्यांच्या मते त्या माणसाने वाटोळं केलं होतं. "जिंकला का स्वतःचं नाव, हरला का फेडरेशनचं नाव. आमच्या मिलमध्ये असा एक जॉबर होता, कामगाराईवरचा मुकादम. त्याले कामगाराईनंच घरी पाठवलं."

तेव्हा कमिटीत ठरलं की येत्या रविवारी परदेशी कोचचा विषय काढायचा आणि सरांना जे सांगायचं ते सगळं त्याच्या नावानं सांगायचं. आमच्या घरातल्या बायकांना ही पद्धत चांगली येते. ज्याला सुनवायचं त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं दुसऱ्याबद्दल. सर समजदार आहेत, आपणहून येणं बंद करतील, कोणाला वाईटपणा नको. प्रत्येकाला एकेक मुद्दा वाटून दिला. सेक्रेटरीकडे 'खेळ बदलला', बुटीबोरीवाल्याकडे 'तीच तीच पोरं'. मी म्हटलं, शेवटचा मुद्दा माझा.

रविवारी पोहे आले. सेक्रेटरीने प्लेटीकडे बघत सुरुवात केली.

"सर, मले आता वाटून राहिलं, खेळ बदलला, पन तो काही बदलला नाई."

"बरोबर!" सर म्हणाले. तोंडात घास होता.

"अन् तेच तेच पोट्टे खेळवाचा," बुटीबोरीवाला म्हणाला. "आवडीचे ठरलेले. नवीन आला का बसव बाहेर."

"शंभर टक्के!" सरांनी मांडीवर थाप मारली. इतकी वर्षं सेक्रेटरी त्यांच्याशी वाद घालत आला होता, आज तोही त्यांच्या बाजूने आला म्हणून ते खुलले होते. "अन् मी सांगू का? त्याच्याहून त्याच्या भवतालचे लोक नालायक. दोन साल आधीच त्याले सांगाले पाहिजे होतं, का बाप्पा, झालं तुहं, ऊठ आता. एकाची हिंमत नाई झाली. तोंडावर गोड बोलत राहिले अन् मागं बैठका घेत राहिले. असे लोक असले का कोच काय करन?"

सेक्रेटरीचा चमचा हवेतच थांबला. बुटीबोरीवाल्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि त्याआड तोंड घातलं. मला हसू आवरत नव्हतं. समोरचा माणूस स्वतःवरचा खटला स्वतःच चालवत होता, तोही आमच्यापेक्षा चांगला. इथेच थांबलो असतो तर कदाचित काम झालंही असतं. घरी गेल्यावर कधीतरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असता आणि ते आपले आपण घरी बसले असते.

पण माझा मुद्दा बाकी होता. मी म्हटलं, "पन मानसाले स्वतःलेच कळाले पाहिजे ना सर. पलीकडच्या गोलातला पोट्टा दिसत नाई, नुसतं आवाज द्या, आवाज द्या करून दिवस ढकलाचे, अन् खुर्ची काही सोडाची नाई."

तोंडातून निसटलं, असं मी त्या दिवशी घरी बायकोला सांगितलं. निसटलं नव्हतं. त्या गोऱ्या माणसाचे डोळे चांगले शाबूत होते, आणि 'आवाज द्या बे' म्हणणारा कोच आम्हा सगळ्यांच्या ओळखीत एकच होता.

सर चावायचे थांबले. त्यांनी बोटांनी पायरीची कड चाचपली, प्लेट खाली ठेवली आणि म्हणाले, "आज तर्री तिखट झाली." मग सायकल हातात धरून चालत निघून गेले. सायकलवर ते बसत नाहीत, हे त्या दिवशी बाकीच्यांच्याही लक्षात आलं.

आम्हाला वाटलं, झालं. वाईट वाटलं का? सेक्रेटरीला वाटलं. मी त्या दिवशी बाजारात दोनदा चहा घेतला, दोन्ही वेळा स्वतःहून इतरांना पाजला.

सोमवारी साडेपाचला सर मैदानावर हजर. गळ्यात शिट्टी, पोरं रांगेत. लायसन्सवाला नवीन कपड्यांत, प्लास्टिकचे शंकू घेऊन आला होता, तो बिचारा पायऱ्यांवर बसून राहिला. मंगळवारी तेच. बुधवारी सेक्रेटरी त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "सर, तब्येत कशी आहे? जरा आराम..."

"एकदम फस्टक्लास," सर म्हणाले. "दिल्लीले कोनाले तरी काढलं म्हनते. मले तर कोनी काही सांगतलं नाई."

असे आठ दिवस गेले. लायसन्सवाला म्हणायला लागला की मी दुसरा क्लब बघतो. सेक्रेटरी पुन्हा गेला, तेव्हा सरांनी त्याला तिथूनच परत पाठवलं. म्हणाले, "तू नको. तुह्याच्यानं होत नाई. ज्याच्यानं होते त्याले पाठव."

म्हणजे मी. मी गेलो. कळमन्यात लिलाव सकाळी लवकर सुरू होतो, मला घाई होती, आणि खरं सांगायचं तर तयारीही होती. पोरं धावून दम खात उभी होती. त्यांच्यासमोरच मी म्हटलं, "सर, उद्यापासून येऊ नका. कमिटीचा निर्णय आहे."

"हे बोलला," सर म्हणाले. "असं बोलाले पाहिजे. आता कारन सांग."

"लायसन्सचा नियम आहे सर."

"ते नाई. रविवारचं सांग."

मी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"पलीकडच्या गोलातला पोट्टा मले दिसत नाई, असं म्हनला ना तू? मंग जा. त्या गोलात जाऊन उभा राय अन् एक हात वर कर. कोनता हात, ते मी इथून सांगतो. बरोबर निघालं तर हा लायसन्सवाला घरी, चुकलं तर मी घरी. पुन्हा तोंड दाखवनार नाई." मग ते पोरांकडे वळले. "अन् पोट्टेहो, आज कोनी आवाज द्याचा नाई. इशारा नाई, खोकलनं नाई. जो बोलन तो माह्या टीममधून कायमचा गेला."

सेक्रेटरीने लगेच हो म्हटलं. लायसन्सवाल्यानेही मान हलवली, त्याला आता कसाही निकाल हवा होता. पन्नाशी ओलांडलेला मी, पायात बाजारात जायच्या चपला, पोरांमधून वाट काढत निघालो. मागून कोणीतरी फिसकन हसलं. ते माझ्यावरच होतं. अंगाची लाही लाही झाली.

अर्ध्या मैदानात आल्यावर माझ्या लक्षात आलं. सर आंधळे होत चालले होते, मूर्ख नव्हते. मी उजवा हात वर करणार किंवा डावा, तिसरं काही नाही. काहीही न दिसता आंधळेपणानं बोलले तरी निम्मी संधी त्यांचीच. आणि निघालं बरोबर, तर मग पुढची पाच वर्षं त्यांना हलवण्याची कोणाची टाप नव्हती, आणि गावभर माझंच हसं झालं असतं. त्यांच्यासाठी तर या मैदानाशिवाय दुसरं काही नव्हतंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बाहेरगावी, आणि डोळे जाणार होतेच. म्हणून त्यांनी निम्म्या संधीवर सगळं लावलं होतं. कौतुक वाटलं मला. आणि अडत्याच्या डोक्याने असंही वाटलं की समोरच्याला निम्मी तरी संधी का द्यावी?

मी गोलात जाऊन उभा राहिलो. सर एवढेसे दिसत होते, पण मला स्पष्ट दिसत होते. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला, मान थोडी वाकडी केली. बराच वेळ त्यांनी घेतला. इतका वेळ घेतला की मला वाटलं, बघताहेत खरंच.

"उजवा!" ते ओरडले. आवाज खणखणीत होता.

पोरं माझ्याकडे बघत होती, मग सरांकडे, मग परत माझ्याकडे. एकाचंही तोंड उघडलं नाही. सरांनीच त्यांना तशी शिस्त लावली होती. सेक्रेटरी पायऱ्यांवरून उठून उभा राहिला, आणि तोही काही बोलला नाही.

सरांनी कपाळावरचा हात खाली घेतला. त्यांना शांततेचा अर्थ लागला असावा, अर्धाच. त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"नाई? मंग डावा असन. डावाच आहे ना बे?"

मी जागचा हललो नाही. माझे दोन्ही हात मी पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.