फ्लॅशच्या मागचं तांबडं बटण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा बायको सरळ आहे असं समजूनच गेला. मुलीला नाही. रोज देवापुढे बसते, तिथेही हा विषय शिताफीने टाळते, जणू त्याला ठाऊकच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. जे ओळखतात ते मला मिश्कील आजी म्हणतात. काय मिश्कील आहात हो तुम्ही! — ऐकलं की मी विषय बदलते.

आधी त्या बयेची ओळख करून देते. मीच ती, पण सत्ताविसाची. लोणावळ्याला टेलिफोन खात्यात नोकरी, लग्न व्हायचं होतं, आणि गळ्यात कॅमेरा. मुंबईच्या जुन्या बाजारातून घेतलेला. त्याचं कातडी पाकीट मी नारळाचं तेल लावून चमकवत असे — स्वतःच्या केसांना विसरत असे, पाकिटाला नाही. रविवार आला की निघाली स्वारी! भाजे, राजमाची, पवनेचा काठ. डोक्यावर पुरुषी टोपी, डोळ्यांवर हा एवढा गॉगल. रस्त्यातल्या म्हशीसुद्धा वळून बघायच्या. मला वाटायचं कौतुकाने बघतात.

एका वर्षी ऑफिसची सहल काठमांडूला गेली. बाकीच्या बायकांनी छत्र्या घेतल्या, साड्या घेतल्या. मी फ्लॅश घेतला. दुकानदार बोलघेवडा होता. फ्लॅशच्या मागे एक तांबडं बटण होतं, ते दाबून त्याने लख्ख उजेड पाडून दाखवला. कॅमेरा टेबलावर, फ्लॅश त्याच्या हातात! ते बटण नुसतं तपासायला असतं — दिवा पेटतो का बघायला. तो हसून म्हणाला, "बहनजी, भीड़ तंग करे तो यही दबा देना. सब खुश, रील भी बची."

मी हसले. खूप हसले. आणि तेवढी एकच गोष्ट त्या सहलीतून नीट शिकून आले.

तुम्हाला आठवत असेल, रोलमध्ये छत्तीस फोटो. छत्तीस म्हणजे छत्तीस. आणि मावळात कुठल्याही वाडीवर कॅमेरा दिसला की माणसं जमायची. म्हातारे पागोटं सारखं करायचे, बाया पदर डोक्यावर घ्यायच्या. "ताई, आमचा बी एक फोटू काडा की!" मला हवे असायचे डोंगर, लेणी, पाण्यावरचं ऊन. कलाकार ना मी! मग मी त्यांना ओळीत उभं करायची, कॅमेरा डोळ्याला लावायची आणि तांबडं बटण दाबायची. लख्ख! माणसं खूश. उजेड पडला म्हणजे फोटो निघाला, असंच सगळे धरून चालायचे. "कवा देनार?" "पुढच्या खेपेला." पुढच्या खेपेला मी दुसऱ्या वाडीला जायची.

किती जणांना फसवलं? मोजलं नाही. तेव्हा ते फसवणं वाटतही नव्हतं. चलाखी वाटत होती. ऑफिसात मी ती नक्कल करून दाखवायची — म्हातारा छाती कशी फुगवतो, म्हातारी ओठ कसे आवळते — आणि सगळ्या जणी हसून लोळायच्या. हो, तेव्हाही मी मिश्कीलच होते.

अजून मुद्द्यावर आले नाही ना? येते.

वलवण धरणाकडे वळणाऱ्या रस्त्यावर चंद्राबाई बसायची. मे महिन्यात करवंदं, जांभळं. पानाच्या द्रोणात भरून विकायची. शेजारी तिची लेक सुली, आठ-नऊ वर्षांची. मी नेहमीची गिऱ्हाईक. एका रविवारी संध्याकाळी मी धरणाकडे निघाले होते, रोलमध्ये दोन फोटो शिल्लक. दोनच. मावळतीचं ऊन पाण्यावर येईल तेव्हासाठी राखलेले.

सुलीने हट्ट धरला. चंद्राबाई लाजत म्हणाली, "काडा की ताई एक. तिचा एक बी फोटू न्हाई." मी घड्याळ पाहिलं. हो म्हणाले. मग त्या माउलीने काय केलं — प्यायच्या पाण्याने लेकीचं तोंड धुतलं, पदराने पुसलं, बोटांनीच भांग पाडला, वेणी सोडून पुन्हा घातली. मी पाय आपटत उभी. ऊन चाललं होतं ना माझं! शेवटी पोरगी उभी राहिली, हात अंगाला चिकटवून. चंद्राबाई माझ्या मागून ओरडली, "डोळं मिटू नगं गं! मिटलं की फोटू बिगडतो."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. काचेतून मी काय पाहिलं? तिच्या डोक्यावरून पलीकडचं पाणी. ऊन आलंय का ते. आणि बटण दाबलं. तांबडं.

"छान आला हं," म्हणाले आणि चालू लागले.

ते राखलेले दोन फोटो मी काढले. एक पाण्याचा. दुसरा — सांगायलाच हवं का? — दुसरा माझा. कॅमेरा कट्ट्यावर ठेवून, टायमर लावून, कमरेवर हात, गॉगलसकट. अजून अल्बममध्ये आहे. माठासारखी दिसते.

आषाढात सुली तापाने गेली. तीन दिवसांत.

चंद्राबाई ऑफिसच्या दाराशी आली तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, काहीतरी विकायला आली. ती म्हणाली, "ताई, त्यो फोटू द्या." मग बाकीचं सांगितलं. उभ्या उभ्या, दाराची चौकट धरून.

मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही तेव्हा कळत होतं. निदान रोल खराब झाला म्हणाले असते, धुताना बिघडला म्हणाले असते! पण मागे ऑफिसातल्या मैत्रिणी कान देऊन होत्या, आणि माझा रोल बिघडतो असं त्यांनी म्हणायला नको होतं मला. म्हणून मी म्हणाले —

मी म्हणाले, "चंद्राबाई, तिने डोळे मिटले होते हो. फोटो गेला वाया. फेकून दिला."

ती म्हणाली, "न्हाई मिटलं ताई. मी बगत व्हते. पानी आलं डोळ्यांतनं, पर मिटलं न्हाई तिनं."

"फ्लॅशने मिटतात," मी म्हणाले. "आपल्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतं."

कॅमेऱ्याला दिसतं! पोरीच्या आईला खोटं पाडलं मी, आणि मेलेल्या पोरीवर आळ घातला. आणि चंद्राबाईने मानलं. शिकलेली बाई सांगते म्हटल्यावर मानलंच. पुढे कित्येक वर्षं मी बाजारात तिच्या तोंडून ऐकलं — "माजी सुली येडी. लय सांगितलं व्हतं डोळं मिटू नगं. मिटलं. म्हनून न्हाई फोटू." मी पुढून निघून जायची. मग फ्लॅश देऊन टाकला. कॅमेरा माळ्यावर टाकला. तेवढ्याने काय होतं?

आता बघा गंमत. मला नात आहे, मुक्ता, वीस वर्षांची. आजकाल त्यांच्यात रोलच्या कॅमेऱ्याचं वेड आलंय. हिने माळ्यावरून माझा कॅमेरा काढला, पुण्याहून रोल आणले, आणि निघाली माझ्यासारखीच गावोगाव हिंडत. पण ही समोरच्याला नाव विचारते, मगच फोटो काढते. मागच्या महिन्यात वलवणला एका म्हातारीचा फोटो काढायला बसली. कुणाचा, ते ओळखलंतच.

धावत घरी आली. "आजी, तू चंद्राआजींच्या मुलीचा फोटो काढला होतास? डोळे मिटलेला? अगं, तू तर एकही निगेटिव्ह टाकत नाहीस! दे ना, मी स्कॅन करून देते. मी त्यांना सांगून आलेय."

सांगून आली होती. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून नेलं. चंद्राबाई ओट्यावर बसली होती, मोतीबिंदू पिकलेले, हात पुढे करून. म्हणाली, "मिटल्या डोळ्यांचा तर मिटल्या डोळ्यांचा. चालंल मला. निजलेली दिसंल."

मी म्हणाले, "शोधते."

तेव्हापासून मी शोधते आहे. मुक्ताने डबे उपसले. त्या रोलची पट्टी तिला सापडली — धरणाचं पाणी, लगेच शेजारी मी, कमरेवर हात. "ही पोज काय गं आजी!" हसली. पुढचे डबे उघडायला लागली. मी तिच्याशेजारी बसून तिला डबे देत राहिले.

तिसऱ्या खेपेला चंद्राबाईने निगेटिव्हचं विचारलंच नाही. म्हणाली, "ताई, मला आता तिचं तोंडच आटवंना. आवाज आटवतो, येनी आटवती. तोंड न्हाई. घरात बी दुसरं कुनी उरलं न्हाई बगितलेलं. तुमी काचंतनं बगितलं व्हतं. कशी दिसायची ओ माजी सुली?"

मी पाण्याकडे बघत होते, हे तुम्हाला माहीत आहे. तिला नाही.

मुक्ता दारात रोल बदलत उभी होती. मी तिच्या तोंडाकडे बघत बोलत गेले. कपाळ मोठं होतं. भुवया जुळलेल्या. हसली की डाव्या गालाला खळी पडायची. चंद्राबाई ऐकत होती, ओठ हलवत, जणू पाठ करत. "खळी व्हती व्हय?" म्हणाली. मग स्वतःच्या गालाला बोट लावून, "व्हती, व्हती. मीच इसरले."

गेल्या रविवारी पुन्हा गेले होते. ती शेजारणीला सांगत होती — माज्या सुलीला गालावर खळी व्हती, ह्या ताईंनी बगितलीया. शेजारीण कौतुकाने माझ्याकडे वळली आणि विचारलं, "कंच्या गालावर ओ आजी?"

"डाव्या," मी म्हणाले.