दोन तांबे पाणी

मृत्यूच्या उंबरठ्यावर माणसाला अंतिम सत्य दिसतं, असं म्हणतात. माझ्या भाऊजींना मुंग्या दिसल्या.

आधीच सांगतो — भूतखेत, करणी, अंगात येणं, यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. म्हणूनच हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दवनीवाड्याकडे धानाची शेती, आणि वीस वर्षं रोज मोहाची दारू. गेल्या मे महिन्यात गावात व्यसनमुक्तीचा भव्य सोहळा झाला. मंडप, हार, चार भाषणं. भाऊजींना स्टेजवर बोलावून शपथ दिली, वर लोकरी शाल पांघरली — भर उन्हाळ्यात. भाऊजी शब्दाचे पक्के. त्या क्षणापासून थेंब घेतला नाही.

चूक तीच झाली. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की शरीर उलटतं, प्रसंगी जीव जातो, हे चारपैकी एकाही भाषणात नव्हतं. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, तर गावकरी कौतुकानं म्हणाले, "शपथ लागून रायली." तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, तेव्हा ताईनं मला गोंदियाजवळ कुडव्याला फोन केला.

गोंदियातल्या एका लहानशा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "सोडायचीच, पण औषधाच्या आधारानं सोडायची असते. आजचा दिवस कठीण आहे. नसलेली माणसं दिसतील, घाबरू नका. फक्त उठू देऊ नका, झटका येऊ शकतो." सलाईन उपटू नये म्हणून दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधली.

दुपारचे अडीच. दुसरा मजला, एक पलंग, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक स्टूल. मी दाराला लागून पुस्तक वाचत होतो.

"तो उभा काऊन हाय?" भाऊजी एकदम म्हणाले. "बसाले सांग ना त्याले."

"कोन जी?" ताईनं विचारलं.

"मले का मालूम? वला हाय पूरा. बोडीवरून आलो मनते."

बोडी म्हणजे त्यांच्या शेतामागचं छोटं तळं. मे महिन्यात तिच्यात बेडूकही ओला होत नाही.

ताईनं दुसरी खुर्ची पुढं ओढली आणि शेजारच्या स्टुलावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला, वर पेला पालथा. आमच्याकडे आलेल्याला आधी पाणी. कोण, कुठला, ते मग.

"ताई, तिथं कोणी नाही."

"मालूम हाय मले. पन ह्यायचा जीव तर शांत होईन ना?"

भाऊजी खरंच शांत झाले. अर्ध्या तासानं ताईनं तांब्या उचलला — रिकामा.

"तू पानी पेला का रे?"

"नाही."

स्टूल कोरडं, फरशी कोरडी. सलाईन बघायला फेरीवर आलेली सिस्टर रिकाम्या तांब्याकडे बघून गेली. यावेळी तांब्या मी स्वतः काठोकाठ भरला, पेला झाकला आणि पुस्तक मिटून समोर बसलो. नजर हललीच नाही, असं शपथेवर सांगत नाही. शपथेचा परिणाम पलंगावर दिसतच होता. पण खोलीत कुणी आलं नाही, आणि पेला जागचा हलला नाही. वीस मिनिटांनी मीच तो उचलला. तांब्या आतून कोरडा होता... नुसता रिकामा नाही, कोरडा.

तेवढ्यात भाऊजी पट्ट्यांना हिसके द्यायला लागले. "सोडा मले! तो मनते, चाल, बोडीवर थंड हाय. हात धरून रायला माहा!" त्यांचा उजवा हात ताठ, खुर्चीच्या दिशेनं ओढल्यासारखा. मी एका हातानं खांदा दाबला, दुसऱ्यानं तो हात धरला. हात बर्फासारखा गार लागला. खिडकीबाहेर ऊन रटरटत होतं.

ताई पलंग आणि खुर्ची यांच्या मधे उभी राहिली. रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "दोनदा पानी पेले ना तुमी आमच्या हातचं? मंग ज्याच्या घरचं पानी पेले त्याचाच मानूस नेता? लाज नाही वाटत? आल्या वाटेनं जा!"

एखादा जड माणूस उठला की प्लास्टिकची खुर्ची कट्ट करते. तसा आवाज झाला. आम्ही दोघांनीही ऐकला.

"गेला," भाऊजी म्हणाले, आणि झोपी गेले.

मुंग्या, ओला माणूस, थंड हात — डॉक्टरांनी सगळ्याचा नीट उलगडा केला, आणि मला तो पटलाही. खुर्चीबद्दल ते म्हणाले, "गरमीनं प्लास्टिक वाजतं." तेही मान्य. पाण्याचं विचारलं तेव्हा मात्र ते माझ्याकडेच बारकाईनं बघायला लागले आणि मी किती घेतो, हे विचारलं.

आठ महिने झाले. भाऊजी पीत नाहीत, गोळ्या वेळेवर घेतात. त्या दुपारचं त्यांना काही आठवत नाही. मला अजून उत्तर सापडलेलं नाही. सिस्टरला सापडलं होतं. दोन्ही फेऱ्यांत रिकामा तांब्या बघून तिनं भाऊजींच्या कागदावर लिहून ठेवलंय : रुग्णाने दुपारी भरपूर पाणी घेतले.